आधी कापा, मग मोजा

घरच्या घरी सीएनसी केलेल्या लेथचा स्विच टाकला की पडद्यावर सगळ्यात आधी उमटतं ते ‘एक्स ०.०००, झेड ०.०००’. टूल त्या वेळी चकाजवळ असो, टेलस्टॉकला टेकलेलं असो, की काल रात्री अर्धवट सोडलेल्या जॉबमध्ये रुतून बसलेलं असो, उत्तर ठरलेलं. आपण उभे आहोत तेच विश्वाचं केंद्र, आणि तेही मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत खात्रीने. माणसात एवढा आत्मविश्वास दिसला तर आपण त्याला निवडणुकीला उभं करतो. मशीनमध्ये दिसला की त्याला अचूकता म्हणतो आणि जॉब वाया गेला की कच्च्या मालाला नावं ठेवतो.

हे मशीन म्हणजे बहुतेक वेळा सात इंच स्विंगची मिनी लेथ. शांघायच्या सिग कंपनीने ती लोकप्रिय केली, आणि अमेरिकेत, इंग्लंडात ती निरनिराळ्या रंगांत, निरनिराळ्या नावांनी विकली जाते. वजन साधारण चाळीस किलो, म्हणजे दोन माणसांनी उचलून टेबलावर ठेवावी इतपत. तिची हँडलं काढायची, तिथे स्टेपर मोटर बसवायच्या, जुन्या स्क्रूच्या जागी बॉलस्क्रू घालायचा, अडगळीतला एखादा कॉम्प्युटर पुसून त्यावर माक थ्री किंवा लिनक्ससीएनसी हे सॉफ्टवेअर चढवायचं, की झाली सीएनसी. हिशेबही मोठा गोंडस निघतो. मोटरच्या एका फेऱ्यात २०० पावलं, ड्रायव्हरने प्रत्येक पावलाचे दहा तुकडे केले म्हणजे २००० आणि स्क्रूचा पिच ५ मिमी, म्हणजे एका पावलाला ०.००२५ मिमी. एवढा आकडा पाहिला की माणूस मायक्रोमीटर खणात टाकतो. खरी गोम अशी की साध्या स्टेपरला डोळे नसतात. पडद्यावरचा आकडा हा दिलेल्या हुकुमांचा हिशेब आहे, झालेल्या हालचालीचा नव्हे. मोटर मध्येच अडली आणि चार पावलं चुकली तरी पडद्यावर कार्यवाही पूर्ण झालेली असते. क्लोज्ड लूप मोटर घेतली की हा प्रश्न मिटतो असं कुणी म्हणेल. त्या मोटरला तिचा स्वतःचा दांडा किती फिरला हे कळतं, हे खरं. त्या दांड्यापासून टूलच्या टोकापर्यंत कपलिंग, स्क्रू, नट, स्लाइड, टूल पोस्ट आणि होल्डर आहेत, आणि त्यांच्यापैकी कुणीही मोटरला काही कळवायला बांधील नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की अशा लेथवर टूल ऑफसेट मोजून लावता येत नाही. तो कापून मिळवावा लागतो. टूल जॉबला टेकवून, कागद सरकवून, डोळे बारीक करून जे काही चालतं ती पूर्वतयारी झाली. खरा आकडा मिळतो तो हलका कट मारून, जॉब थांबवून, मायक्रोमीटर लावून. घरगुती सीएनसीवाल्यांना हे पटत नाही, कारण एवढा खर्च आणि खटाटोप करून शेवटी जुन्या टर्नरसारखंच वागायचं असेल तर मग सीएनसी कशाला, हा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर पुढे येईलच. त्याआधी हा ऑफसेट नेमका कशाचा असतो ते पाहू.

प्रोग्रॅम लिहिला जातो तो जॉबच्या नजरेतून. जॉबचा मध्य म्हणजे एक्स शून्य, त्याचं पुढचं तोंड म्हणजे झेड शून्य. टर्निंग टूल, बोरिंग बार, पार्टिंग टूल, आटे पाडायचं टूल यांची टोकं मात्र कुठे कुठे असतात. एक आखूड, एक लांब, एक डावीकडे झुकलेलं. प्रत्येकाचं टोक नेमकं कुठे येतं याचा तक्ता म्हणजे टूल टेबल. माक थ्रीमध्ये टी ०१०१ असं लिहितात, त्यातले पहिले दोन आकडे टूलचे आणि नंतरचे दोन ऑफसेटचे. टी ०१०२ लिहिलं तर मशीन पहिल्या टूलला दुसऱ्याचा ऑफसेट लावतं आणि चकार शब्द काढत नाही. त्याखेरीज जॉबचा वेगळा शून्य जी ५४ मध्ये, मशीनचा स्वतःचा शून्य होम स्विचवर, झिजेचा हिशेब वेगळ्या रकान्यात, आणि कधी काळी कुणी जी ९२ दिला असेल तर त्याची सरक वेगळीच. टूल कुठे जाणार ते या सगळ्यांची बेरीज ठरवते. बेरीज मशीन कधी चुकत नाही. चुकलेले आकडेसुद्धा ते अगदी बरोबर बेरजेत घेतं.

हे आकडे भरायचं काम माणसाकडेच का राहिलं याला इतिहास आहे. अमेरिकी हवाई दलाच्या पैशावर जॉन पार्सन्स यांच्या कंपनीने १९४९ साली काम घेतलं आणि १९५२ मध्ये एमआयटीने छिद्रांच्या फितीवर चालणारं मिलिंग मशीन लोकांसमोर चालवून दाखवलं. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ च्या ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या पुस्तकात यावर एक खोचक मुद्दा मांडला. त्याच काळात दुसरी एक वाट उपलब्ध होती: कसबी कारागिराने एकदा जॉब करायचा, त्याच्या हाताच्या हालचाली मशीनने नोंदवायच्या आणि पुन्हा तशाच करायच्या. ती वाट मागे पडली, कारण ज्ञान कारागिराच्या हातातून काढून ऑफिसात न्यायचं हे व्यवस्थापनाला हवं होतं. नोबल यांचं सगळं पटो न पटो, घरगुती सीएनसीपाशी आलं की त्या भांडणाची मोठी गंमत होते. इथे मालक, इंजिनियर, प्रोग्रॅमर आणि टर्नर हे चौघेही एकाच बनियनमध्ये उभे असतात. ऑफिसाने कामगाराचं कसब काढून घेतलं खरं, पण ऑफिस आणि कामगार दोघांनाही संध्याकाळी एकाच ताटात जेवायचं असतं. ऑफसेटचं काम मात्र ऑफिसाला फितीत घालता आलं नाही. ते टूलपाशी उभ्या असलेल्या माणसाकडेच राहिलं, आजही आहे.

आता टेबल भरायच्या पद्धतींकडे येऊ. सगळ्यात लाडकी पद्धत म्हणजे एक टूल प्रमाण मानायचं आणि बाकीच्यांची मापं त्याच्या तुलनेत लिहायची. टी १ हा घरातला थोरला मुलगा. त्याचा ऑफसेट शून्य. त्याच्यात उणं-अधिक काही नाहीच. दुसऱ्याची ओळख ‘थोरल्यापेक्षा तीन मिलिमीटर आखूड’, तिसऱ्याची ‘थोरल्यापेक्षा अकराने पुढे’. धाकट्यांना स्वतःचं माप नसतं, फक्त फरक असतो. घर सुरळीत चालतं ते थोरला आहे तसा आहे तोवर. एक दिवस थोरल्याचं इन्सर्ट उडतं, नवं बसतं आणि ते पाव मिलिमीटर बाहेर येतं. थोरला अजूनही शून्यच, कारण शून्य ही त्याची पदवी आहे, माप नव्हे. एका रात्रीत सगळी भावंडं चुकीची ठरतात, जागचं कुणी हललेलं नसताना. मग माणूस थोरल्याला जॉबला टेकवून जी ५४ बदलतो, थोरल्याचे जॉब बरोबर येऊ लागतात आणि बोरिंग बार कुणालाही न विचारता भोक अर्धा मिलिमीटर चुकवतो. याहून शहाणी पद्धत म्हणजे मशीनच्या होमपासून प्रत्येक टूलचं स्वतंत्र माप ठेवणं. त्यासाठी होम स्विच लागतात आणि ते दर वेळी त्याच जागी वाजले पाहिजेत. पुष्कळ घरगुती लेथवर ते बसवायचे राहून गेलेले असतात. लाइट गेली आणि आली की अशी लेथ पुन्हा आहे तिथे शून्य दाखवून मोकळी होते.

लिनक्ससीएनसीमध्ये याच घरातली आणखी एक भानगड आहे. टच ऑफ करताना, म्हणजे टूल जॉबला टेकवून मशीनला जागा सांगताना, आकडा टूल टेबलात घालायचा की जी ५४ मध्ये, हे दोन पर्याय शेजारी शेजारी असतात. घाईत तिसऱ्या टूलची दुरुस्ती जी ५४ मध्ये गेली की धाकट्याला बूट लागतो म्हणून सगळ्या घराचे बूट बदलल्यासारखं होतं. तिसरं टूल बरोबर येतं, तपासलंही तेच जातं, आणि बाकीच्यांचं दुखणं पुढच्या जॉबपर्यंत झाकलेलं राहतं. जी ९२ बद्दल तर बोलायलाच नको. सेटिंग बदललेलं नसेल तर मशीन बंद करून चालू केल्यावरही लिनक्ससीएनसी ती सरक लक्षात ठेवतं. माणूस विसरतो. या दोघांच्या स्मरणशक्तीतल्या तफावतीवर भंगारवाल्याचा बराचसा धंदा चालतो.

कागदाची पद्धत जगभर चालते, आणि तिच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. जॉब आणि टूल यांच्यामध्ये कागदाची पट्टी धरायची, टूल शतांशा-शतांशाने पुढे घ्यायचं आणि पट्टी अडली की थांबायचं. सिगारेटचा कागद साधारण दोन-तीन शतांश मिलिमीटर जाडीचा असतो, झेरॉक्सचा सुमारे दशांश मिलिमीटर. (विडी ओढणाऱ्यांची इथे पंचाईत होते, तेंदूच्या पानाची जाडी झाडावर अवलंबून.) यात पहिली अडचण अशी की ‘कागद अडला’ हे निरीक्षण नसून स्वभाव आहे. कागद ‘जरा जड लागला’, ‘अडला’ आणि ‘फाटला’ या तीन अवस्था असतात, आणि एकच माणूस सकाळी पहिलीला थांबतो तर रात्री जेवणानंतर तिसरीला. कागदाची जाडी बेरजेत घ्यायची विसरलं तर झेरॉक्सच्या कागदाने व्यासात दोन दशांशाची चूक होते, कारण टूल त्रिज्येवर सरकतं आणि आपण व्यास मोजतो. तरीही या पद्धतीचे पुरस्कर्ते म्हणतील की सराव झाला, तोच कागद वापरला, जाडी मोजून घेतली, तर एक-दोन शतांशापर्यंत जाता येतं. मान्य. पण कितीही सराव झाला तरी एक गोष्ट कागदाला कळत नाही: मशीन कापताना कुठे असतं.

चाळीस किलोची लेथ कापायला लागली की नम्र होते. जॉब टूलला ढकलतो, टूल पोस्ट मागे रेलतं, स्लाइडच्या जिबमधली सैल जागा एका बाजूला जमा होते, बारीक जॉब असेल तर तो स्वतःच दूर वाकतो. उभं असताना टूलचं टोक जिथे होतं तिथे ते कापताना नसतं. कागदाने मापलं ते उभ्या मशीनचं. आपल्याला हवं आहे ते चालत्या मशीनचं. म्हणूनच दहा-बारा मिलिमीटर लांबीवर हलका कट मारायचा, एक्सला अजिबात हात न लावता टूल फक्त झेडमध्ये बाहेर काढायचं, स्पिंडल थांबवायचा, मायक्रोमीटरने व्यास घ्यायचा आणि तोच आकडा मशीनला सांगायचा. मायक्रोमीटर म्हणाला २४.८६, तर २४.८६. या आकड्यात टूलची लांबी आहे, टूल पोस्टचं रेलणं आहे, जिबचा ढिलेपणा आहे, इन्सर्टची धार आहे. हे सगळं वेगवेगळं मोजायला प्रयोगशाळा लागली असती. इथे ते न मोजताच बेरजेत आलं. शास्त्रशुद्ध माणसाला हे आवडणार नाही. त्याला टूलची खरी लांबी हवी असते. पण टूलच्या खऱ्या लांबीने कुणाचा बेअरिंग आजवर घट्ट बसलेला नाही.

यावर एक खरा आक्षेप आहे. कट किती खोल यावर मशीन किती रेलणार ते ठरतं, तेव्हा हलक्या कटावर काढलेला ऑफसेट जड कटाला लागू कसा? लागू होत नाहीच. म्हणून ट्रायल कट शेवटच्या फिनिशिंग कटाच्या खोलीचा असावा. जड कट मारताना जॉब दोन शतांशाने मोठा राहिला तर कुणाचं काही बिघडत नाही, कारण त्यावर अजून कट जायचा असतो. तापलेल्या जॉबचा आक्षेपही असाच निकालात काढता येतो. २५ मिमीचा पोलादी जॉब चाळीस अंशांनी तापला तर व्यासात साधारण एक शतांशाने फुगतो. निवल्यावर मोजा, विषय संपला. मापनाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सियस आहे आणि नागपूरच्या मे महिन्यात शेड ४४ अंशांवर असते, हीही चर्चा फार रंगते. त्या फरकाने २५ मिमीच्या जॉबला सात मायक्रॉन पडतात, आणि पोलादी मायक्रोमीटरही त्याच उन्हात जवळपास तेवढाच फुगलेला असतो. या लेथने सात मायक्रॉनची चिंता करणं हे जरा मोठ्या घरचं सोंग आहे. तिच्या स्वस्तातल्या सी ७ बॉलस्क्रूलाच ३०० मिमीला ५० मायक्रॉनची मुभा असते.

व्यास आणि त्रिज्या हा मात्र हसून सोडायचा विषय नाही, जरी त्यातले अपघात ऐकायला बरे वाटत असले तरी. लिनक्ससीएनसीत जी ७ दिला की एक्स व्यासात, जी ८ दिला की त्रिज्येत. मायक्रोमीटरला त्रिज्या ठाऊक नाही. तो व्यासच सांगणार. समजा मशीन जी ८ मध्ये आहे आणि माणसाने मायक्रोमीटरचं ऐकून २४.८६ भरले. टूल खरं म्हणजे मध्यापासून १२.४३ मिमीवर उभं आहे. मशीनला वाटतं ते २४.८६ वर आहे. आता प्रोग्रॅम म्हणाला एक्स १२, म्हणजे २४ मिमी व्यासाला जा. मशीन आज्ञाधारकपणे १२.८६ मिमी आत जातं. जॉबचा मध्य लागतो १२.४३ वर. म्हणजे टूल फिरत्या पोलादाच्या ऐन मध्यातून जाऊन ०.४३ मिमी पलीकडे पोचायचा बेत करतं. पोचत अर्थातच नाही. इन्सर्ट आधीच कामावरून निघालेलं असतं. पडद्यावर मात्र एक्स १२.००० असा समाधानी आकडा असतो. यासाठीच ऑफसेट भरल्यावर टूल जॉबपासून बाजूला घेऊन, हवेत एक ओळखीचा व्यास सांगून, पट्टीने ढोबळ तपासावं. पट्टी मायक्रॉन सांगत नाही, पण दुपटीचा फरक तिलाही दिसतो.

कापूनच ऑफसेट मिळवा म्हणण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते बोरिंग बारने शिकवलेलं आहे. बाहेरून टर्निंग करताना टूल आत येत येत कापतं आणि जॉब त्याला बाहेर ढकलतो. स्क्रूच्या नटाची एकच बाजू सतत दाबात असते. भोक मोठं करताना सगळं उलट. टूल बाहेर येत येत कापतं, जॉब त्याला आत ढकलतो, नटाची दुसरी बाजू दाबात येते. मधला बॅकलॅश दशांश मिलिमीटर असेल, आणि मूळचा जुना स्क्रू ठेवलेल्या लेथवर तो सहज असतो, तर भोकाच्या व्यासात तो दोन दशांश होऊन उतरतो. सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॅशचा रकाना असतो, तो भरला की झालं, असं म्हणणारे भेटतात. तो रकाना दिशा बदलताना मोटरला थोडं जास्त फिरवतो, एवढंच. कापताना ढिली स्लाइड जॉबच्या ढकलण्याने सरकत असेल तर तिला धरून ठेवायला रकान्याला हात नसतात. बोरिंग बार कागदाने लावायचा तर भोकात कागद घालून, दिशेचं भान ठेवून, आत न पाहता बोटांनी जाणायचं. त्यापेक्षा भोकाला हलका कट, मग आतलं माप, मग आकडा, हेच लवकर होतं.

टूलची उंची हाही असाच छुपा भागीदार. टोक जॉबच्या मध्यापेक्षा अर्धा मिलिमीटर खाली असेल आणि ऑफसेट २५ मिमीच्या व्यासावर अगदी बरोबर काढला असेल, तर त्याच ऑफसेटवर ५ मिमीचा व्यास मागितला की ५.०८ मिळतो. भूमितीचं साधं काटकोनी त्रिकोणाचं गणित आहे. मोठ्या व्यासावर अर्ध्या मिलिमीटरचं काही वाटत नाही, छोट्यावर ते डोकं वर काढतं. माणूस मग ऑफसेट दुरुस्त करतो, छोटा व्यास बरोबर येतो, मोठा बिघडतो, आणि सॉफ्टवेअरमध्ये बग आहे अशी खात्री होते. बग टूलच्या खाली घालायच्या पत्र्यात असतो. फेसिंग केल्यावर मध्यभागी बारीक टेंगूळ राहिलं की उंची चुकली, ही जुनी खूण अजूनही कुठल्याही सेन्सरइतकी भरवशाची आहे.

आणि सगळ्यात मोठी मौज इन्सर्टच्या टोकाची. टोक टोकदार नसतं, त्याला ०.४ किंवा ०.८ मिमीची गोलाई असते. आपण एक्समध्ये बाजू टेकवतो, झेडमध्ये तोंड टेकवतो, आणि या दोन रेषा जिथे छेदतात त्या बिंदूला मशीन टूलचं टोक समजतं. त्या बिंदूवर धातू नाहीच. तिथे हवा आहे. सरळ टर्निंग आणि फेसिंगमध्ये ही फसवणूक खपून जाते, कारण त्या दोन्ही बाजू खऱ्या आहेत. ४५ अंशांचा चॅम्फर काढायला गेलं की ०.४ च्या इन्सर्टने सुमारे ०.१७ मिमी माल कापायचा राहतो. त्यासाठी जी ४१, जी ४२ आहेत, टूल टेबलात गोलाई आणि टोकाच्या दिशेचा १ ते ९ यांपैकी एक आकडा भरायचा असतो. दिशेचा आकडा चुकला तर मशीन भरपाई उलट्या बाजूला देतं. हौशी माणसाने साध्या जॉबला या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. चॅम्फर कानशीने मारला तरी बुशला वाईट वाटत नाही.

पार्टिंग टूलचा प्रश्न छोटा पण हमखास. पात्याला दोन कोपरे. चकाकडचा कोपरा जॉबच्या तोंडाला टेकवून शून्य केला आणि प्रोग्रॅममध्ये २० मिमी लिहिले, तर २ मिमीच्या पात्याने जॉब १८ चा पडतो. ट्रायल कटही इथे वाचवत नाही, कारण कट म्हणजेच शेवट. टेबलाच्या शेऱ्यात ‘डावा कोपरा’ एवढे दोन शब्द लिहून ठेवणं हा एकच इलाज.

आता मोठा आक्षेप. कारखान्यातल्या सीएनसीवर कुणी असे ट्रायल कट मारत बसत नाही. एक हात खाली येतो, टूल त्यावर टेकतं, टूं वाजतं आणि ऑफसेट लागतो. मग आपणही टूल सेटर का लावू नये? या तंत्राच्या मुळाशी असलेला टच-ट्रिगर प्रोब डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी रोल्स-रॉइसमध्ये असताना कॉन्कॉर्डच्या ऑलिंपस इंजिनाच्या नळ्या मोजण्यासाठी काढला, आणि १९७३ मध्ये त्यातून रेनिशॉ कंपनी उभी राहिली. ते तंत्र उत्तम आहे यात वाद नाही. पण कारखान्यातलं मशीन टनांनी मोजायचं असतं. ते उभं असताना आणि कापताना जवळपास एकाच जागी असतं. टूल टेकवून आलेला आकडा तिथे कापतानाही खरा राहतो तो मशीनच्या वजनामुळे, सेन्सरमुळे नव्हे. आणि तिथेही पहिला जॉब मोजून झिजेच्या रकान्यात एक-दोन शतांश भरणारा ऑपरेटर भोसरीपासून शिरोलीपर्यंत कुठेही दिसेल. घरच्या लेथवर सेन्सर लावायचा तर जरूर लावा. अनेक टूलं असतील तर ढोबळ ऑफसेटला तो वेळ वाचवतो, आणि झेडसाठी तेवढं पुष्कळ असतं. फक्त त्याचा आकडा अंतिम समजू नका. उभ्या मशीनचा आकडा दशांश चिन्हानंतर चार स्थळांपर्यंत काढला म्हणून तो चालत्या मशीनचा होत नाही.

राहिला तो पहिला प्रश्न: एवढं सगळं करायचं तर सीएनसी कशाला? उद्यमनगरातला टर्नर एवढ्या वेळात बुश करून, चहा पिऊन, दुसऱ्याला लागलेला असेल. एका बुशपुरतं त्याचं बरोबर आहे, आणि एका साध्या बुशसाठी टूल टेबल भरणारा माणूस काम करत नसून खेळत असतो. खेळायला हरकत नाही, पण त्याला उत्पादन म्हणू नये. सीएनसी लागते ती टेपर, गोलाई, आटे आणि एकसारखे वीस नग यांसाठी. तिथे टर्नरच्या हाताला जे जमतं ते बहुतेकांच्या हाताला जमत नाही. आणि टर्नर स्वतः काय करतो ते जरा पाहावं. तो हलका कट मारतो, मशीन थांबवतो, मायक्रोमीटर लावतो आणि हँडलवरच्या डायलची रिंग फिरवून हव्या आकड्यावर आणतो. ती रिंग म्हणजे त्याचा ऑफसेट. टेबलात एकच ओळ, आणि टूल बदललं की पुसून नवी. घरगुती सीएनसीवाल्याने त्याची पद्धत टाकून दिली नाही तर त्याला एकच जास्तीची सोय मिळते: ओळी पुसाव्या लागत नाहीत. टूल होल्डरसकट काढून पुन्हा बसवलं तरी आकडा लागू पडतो. अट एवढीच की होल्डरच्या खाली बर अडकलेली नसावी. पाच शतांशाची बर एक्सच्या बाजूला अडकली तर व्यासात दशांश होऊन दिसते, आणि तिचा शोध सॉफ्टवेअरमध्ये घेतला जातो.

तेव्हा ज्यांच्या घरात लेथचं रूपांतर अजून व्हायचं आहे त्यांना एक विनंती. बॉलस्क्रूची ऑर्डर देण्याआधी ० ते २५ मिमीचा एक चांगला मायक्रोमीटर घ्या. तो खणात नाही, लेथच्या शेजारी हात पुरेल असा ठेवा, वर फडकं टाका. आणि टूल टेबलाची फाइल दर बदलानंतर दुसरीकडे कॉपी करून तारीख घाला. जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क होम स्विचच्या आधी जाते.